बसूनमधली कागदी नळी : नील्सनच्या विंड क्विंटेटच्या मैफलीचा एक प्रकरण अभ्यास

डॅनिश संगीतकार कार्ल नील्सनच्या विंड क्विंटेटमधला, म्हणजे पाच फुंकवाद्यांसाठीच्या त्याच्या ओपस ४३ मधला, बसूनचा (खर्जात बोलणाऱ्या लांब लाकडी वाद्याचा) शेवटचा स्वर नेहमीच्या बसूनमध्ये नसतोच. वाद्याचा सर्वांत खालचा स्वर बी फ्लॅट. नील्सनने शेवटच्या ए मेजर कॉर्डखाली, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाखाली, त्याहून अर्धा स्वर खाली असलेला ए लिहून ठेवला आहे. तो काढायचा तर वाद्याची लांबी वाढवावी लागते, आणि तीही मैफल चालू असताना, श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत, तीन-चार सेकंदांत. या कृतीतल्या बऱ्याच अवघड जागा अशाच आहेत. बोटांची तयारी तिथे कामी येत नाही. कोणतं वाद्य कधी उचलायचं, ते तोवर किती गार झालेलं असेल, श्वासाचं नळीत साचलेलं पाणी कधी काढायचं आणि श्वास कुठे घ्यायचा, यावर सगळं ठरतं.

कृतीची कल्पना कोपनहेगनची. १९२१ च्या शरदात नील्सनने पियानोवादक क्रिश्चन क्रिश्चनसेन यांना फोन केला, तेव्हा पलीकडे कोपनहेगन विंड क्विंटेटची मोझार्टची तालीम चालू होती आणि ती फोनवरून त्याच्या कानावर पडली. १९२२ च्या पहिल्या काही महिन्यांत त्याने या पाच जणांसाठी कृती लिहिली आणि ९ ऑक्टोबर १९२२ ला कोपनहेगनमध्ये तिचा पहिला जाहीर प्रयोग झाला. फ्लूटवर पॉल हागेमान, ओबोवर स्वेन क्रिश्चन फेलुम्ब, क्लॅरिनेटवर ओगे ऑक्सेनवाड, हॉर्नवर हान्स सोरेनसेन आणि बसूनवर क्नुड लासेन. प्रत्येक वाद्याचा स्वभाव दाखवायचा, कधी सगळ्यांनी एकदम बोलायचं, कधी एकट्यानेच, असा त्याचा बेत होता. पुढे पाचही जणांसाठी एकेक कन्चेर्तो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि साथीला वाद्यवृंद अशी रचना, लिहायचं त्याच्या मनात होतं. फ्लूटचा १९२६ मध्ये आणि क्लॅरिनेटचा १९२८ मध्ये झाला. १९३१ मध्ये तो गेला आणि बाकीचे तीन राहिले.

परिस्थिती

अभ्यासासाठी धरलेली मैफल अशी. पाच व्यावसायिक वादक, दोनशे खुर्च्यांचं वातानुकूलित सभागृह, ध्वनिवर्धक नाही. पूर्वार्धात फ्रान्झ डान्झीचं जी मायनर क्विंटेट, ओपस ५६ क्रमांक २, साधारण सोळा-सतरा मिनिटं. मग ग्यॉर्गी लिगेटीचे सहा बागातेल, म्हणजे छोटे तुकडे, बारा मिनिटं. वीस मिनिटांचं मध्यंतर. उत्तरार्धात एकटा नील्सन, पंचवीस ते सत्तावीस मिनिटं. टाळ्या, ये-जा धरून दीड तासाच्या आत सगळं आटोपतं.

पूर्वार्धात डान्झी कशाला, राइखा का नाही? विंड क्विंटेट हा प्रकार पॅरिसमध्ये रुजवला तो अंटोन राइखाने. चोवीस क्विंटेटं त्याच्या नावावर आहेत. पण ती लांब असतात आणि हॉर्नला फारशी उसंत देत नाहीत. इथे हॉर्नवादकाचे ओठ राखून ठेवायचे आहेत. नील्सनच्या तिसऱ्या भागातलं नववं व्हेरिएशन, म्हणजे मूळ धुनेचं बदललेलं रूप, एकट्या हॉर्नचं आहे, साथीला कुणी नाही, आणि ते येतं तेव्हा वादक पाऊण तासाहून अधिक वाजवून बसलेला असतो. थकलेल्या ओठांनी स्वर फुटतो तो अशाच जागी. डान्झी आटोपशीर आहे. लिगेटी कठीण आहे, पण तुकडे छोटे आहेत आणि दोन तुकड्यांत ओठ सोडता येतात. पहिला बागातेल तर चारच स्वरांवर उभा आहे. १९५६ मध्ये बुडापेस्टला सहापैकी पाचच वाजवले गेले. सहावा तिथल्या राजवटीला झेपेल असा नव्हता.

तालमी सहा, प्रत्येकी अडीच तासांच्या, दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं विश्रांती. त्याहून जास्त ताणलं तर रीड (फुंकल्यावर थरथरणारी पत्ती) आणि ओठ दोन्ही मरतात आणि पुढचा तास फुकट जातो. सहापैकी एक तालीम प्रत्यक्ष सभागृहात, रंगमंचाचे सगळे दिवे लावून. बहुतेक ठिकाणी वीज वाचवण्यासाठी तालमीत दोनच दिवे लावतात. मग रात्री मंच तीन-चार अंशांनी गरम होतो आणि दुपारी जुळवलेलं सगळं हलतं.

बसायची मांडणी

श्रोत्यांच्या डावीकडून फ्लूट, ओबो, हॉर्न, बसून, क्लॅरिनेट, असा अर्धवर्तुळ. हॉर्न आणि बसून यांची अदलाबदल चालते. न चालणारी गोष्ट एकच : हॉर्न श्रोत्यांच्या डाव्या टोकाला. हॉर्नचं तोंड वादकाच्या उजव्या हाताला, मागच्या बाजूला उघडतं. डाव्या टोकाला बसलेला वादक आत वळला की ते तोंड थेट श्रोत्यांवर येतं आणि फ्लूटचा खालचा सप्तक ऐकूच येत नाही. हॉर्नच्या मागे दीड-दोन मीटरवर लाकडी भिंत किंवा फळी हवी. मागे जाड मखमली पडदा असेल तर स्वर गिळला जातो, वादक जोर लावतो आणि ओठ लवकर थकतात.

खुर्च्या बिनहातांच्या. बसूनवादक वाद्याचा पट्टा बुडाखाली घेऊन बसतो, म्हणून त्याची खुर्ची सपाट हवी. मध्ये खोलगट झालेली प्लास्टिकची खुर्ची दिली तर वाद्याची उंची बदलते आणि रीड ओठांत वेगळ्या कोनातून येते. एसीचा झोत कुणावर पडतो ते दुपारीच पाहून ठेवायचं. बसूनवर पडत असेल तर अख्खं अर्धवर्तुळ मीटरभर सरकवावं. व्यवस्थापक कुरकुरतात, पण झोत बंद करायला सांगितलं तर त्याहून जास्त कुरकुरतात.

गार वाद्य

या मैफलीतली पहिली खरी अडचण इंग्लिश हॉर्न. हे ओबोच्या कुळातलं, पण पंचम खाली बोलणारं वाद्य. ओबोवादकानेच ते तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला, प्रास्ताविकात वाजवायचं असतं. ते झालं की पुन्हा ओबो आणि लगेच मूळ धून, म्हणजे नील्सनने आधीच रचलेल्या एका भक्तिगीताची चाल. पहिला भाग साधारण नऊ मिनिटांचा, दुसरा, म्हणजे मिन्युएट, पाच मिनिटांचा. म्हणजे इंग्लिश हॉर्न स्टँडवर चौदा मिनिटं निवांत गार होत असतो, आणि मग एकदम उघड्यावर येतो.

गारव्याचा हिशेब सोपा आहे. हवेचं तापमान एका अंशाने उतरलं की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने कमी होतो, आणि नळीतला स्वर तीन सेंटनी खाली येतो. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. नळीतली हवा सरासरी चार अंश गार असेल तर बारा सेंट. बाकीचे चौघे चौदा मिनिटं वाजवून तापलेले, फ्लूट आणि क्लॅरिनेट तर चढलेलेच. त्यात बारा सेंट उतरलेलं वाद्य शिरलं की साध्या श्रोत्यालाही काहीतरी खटकतं, फक्त काय ते सांगता येत नाही.

वादक अशा वेळी ओठ आवळून स्वर वर ढकलतो. स्वर चढतो खरा, पण आवाज चिरकतो आणि प्रास्ताविकाचा सगळा काळोखी रंग जातो. उपाय ओठांत शोधू नये. मध्यंतराची शेवटची पाच मिनिटं पडद्याआड इंग्लिश हॉर्नच वाजवायचा, ओबो नाही. ओबो पहिल्या भागात आपोआप तापतो. मंचावर इंग्लिश हॉर्न स्टँडवर उभा न करता मांडीवर आडवा, कोटाच्या किंवा शालीच्या घडीत ठेवायचा. मिन्युएटमध्ये ओबोला जिथे मोकळ्या मात्रा आहेत, तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवायची आणि रीड न लावता नळीत आवाज न करता ऊब फुंकायची. दोन वेळा पुरते. आणि इंग्लिश हॉर्नसाठी नेहमीपेक्षा किंचित आखूड बोकल, म्हणजे रीड बसते ती धातूची वाकडी नळी, सोबत ठेवावी. सगळे चढलेले असतील तर तीच लावायची.

रीडचं प्रकरण वेगळं. दुहेरी रीड सनईच्या पत्तीसारखी, ओली असेल तरच बोलते. चौदा मिनिटं उघडी ठेवली तर वाळते, चौदा मिनिटं पाण्यात ठेवली तर फुगते, तोंड उघडतं आणि स्वर खाली येतो. मधला मार्ग म्हणजे औषधाची छोटी झाकणबंद डबी आणि तिच्यात ओलसर कापूस. रीड तिथे दमट राहते, भिजत नाही. मिन्युएट संपल्यावर डबीतून काढायची, बोकलवर बसवायची, हवेने एकदा करकरवून पाहायची. याला सहा सेकंद लागतात. तेवढा वेळ बाकीच्यांनी हलायचं नाही, पानं उलटायची नाहीत, घसे साफ करायचे नाहीत. श्रोत्यांना तो विराम वाटला पाहिजे.

प्रास्ताविकानंतरचा बदल याहून नाजूक, कारण धून शांतपणे यायची असते. इंग्लिश हॉर्न स्टँडवर टेकवताना लाकडाचा टक् आवाज होतो. स्टँडच्या खुंटीला फेल्ट चिकटवून घ्यावं. ओबोच्या रीडला ओठांनी एकदा ओलं करायचं आणि मान हलवून तयार आहे असं सांगायचं. धून सुरू करण्याचा इशारा त्यानेच दिलेला बरा. दुसऱ्या कुणी दिला तर तो ओबोवादकाच्या हातांवर नजर ठेवून अंदाजाने दिला जातो आणि दहातल्या दोन वेळा लवकर येतो.

क्लॅरिनेटवादकाची अडचण याच जातीची, पण सौम्य. डान्झी बी फ्लॅट क्लॅरिनेटवर, नील्सनचा पहिला भाग ई मेजरमध्ये असल्याने ए क्लॅरिनेटवर. माउथपीस एकच असतं, ते एकावरून काढून दुसऱ्यावर बसवतात, त्यामुळे रीड तरी गरम आणि ओली राहते. पिकोलो, म्हणजे छोटा फ्लूट, हाही गार होतो, पण इतका छोटा की चार फुंकरांत ताळ्यावर येतो.

पावसाळ्यात मुंबईत किंवा पणजीत अशी मैफल असेल तर उलटा त्रास होतो. गाडीतल्या एसीतून आलेलं वाद्य दमट खोलीत उघडलं की चाव्यांवर आणि छिद्रांच्या काठावर दंव धरतं. पेटी बंद ठेवूनच अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. रीड तिथे जड होतात, म्हणून नेहमीपेक्षा थोड्या हलक्या घासलेल्या दोन जास्त न्याव्यात. ओबोच्या वरच्या छिद्रांत पाणी साचून स्वर गुळगुळतो. त्यावर सिगारेटचा पातळ कागद चावीखाली दाबून पाणी टिपणं हाच उपाय, आणि तो कागद खिशात नाही, स्टँडवर हवा.

स्वर मिळवणं

सुरुवातीला ओबो ए देतो, बाकीचे मिळवतात, एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक वाद्य वेगळ्या रीतीने बोलतं : फ्लूटमध्ये हवेची धार कडेवर आपटते, क्लॅरिनेटला एक रीड, ओबो-बसूनला दोन, हॉर्नमध्ये ओठच थरथरतात. म्हणून आवाज लहान-मोठा करताना ती वेगवेगळ्या दिशांना सरकतात. हळू वाजवताना फ्लूट उतरतो आणि क्लॅरिनेट चढतो. मोठ्याने वाजवताना नेमकं उलटं. तेव्हा मध्यम आवाजात एकदा ए मिळवून झाला तरी शेवट हळू विरत जाणाऱ्या कॉर्डमध्ये हे दोघे फाकणारच. तालमीत प्रत्येक भागाचा शेवटचा कॉर्ड तीन वेळा धरायचा : मोठा, मध्यम, विरत जाणारा. फ्लूटने विरताना हवेची धार थोडी वर न्यायची, क्लॅरिनेटने ओठ ढिले सोडायचे. ट्यूनरकडे, म्हणजे स्वर मोजणाऱ्या यंत्राकडे, पाहून हे होत नाही.

दुसरी गोष्ट गांधाराची. धून ए मेजरमध्ये आहे, म्हणजे ए हा षड्ज आणि सी शार्प हा गांधार. ट्यूनरवर जो सी शार्प बरोबर दिसतो तो पियानोचा, षड्जापासून ४०० सेंटवर. कॉर्डमध्ये शांत बसणारा गांधार ३८६ सेंटवर असतो, चौदा सेंट खाली. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तोच हा. आपल्याकडच्या कानांना हे समजवावं लागत नाही. ज्याच्याकडे सी शार्प असेल त्याने तो उतरवायचा, ज्याच्याकडे पंचम असेल त्याने फक्त दोन सेंट चढवायचा. अडचण अशी की हा सी शार्प दर कॉर्डला एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून धुनेच्या प्रत्येकाच्या कागदावर, आपल्याकडे गांधार आला की त्या स्वरावर खाली बाण काढून ठेवतात. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि दोन तालमी वाचवतं.

श्वास

धून भक्तिगीताच्या चालीची, सगळे एकत्र ओळ वाजवतात आणि ओळ संपली की श्वास. सोपं वाटतं. घोटाळा इथेच होतो, कारण पाच जणांचा श्वास एक नाही. फ्लूटमधली बरीच हवा कडेवरून वाया जाते, त्यामुळे ओळीच्या शेवटी फ्लूटवादकाची छाती रिकामी असते. ओबोच्या रीडचं छिद्र इतकं चिंचोळं की ओळीच्या शेवटी ओबोवादकाची छाती भरलेली असते, पण शिळ्या हवेने. त्याला आधी ती सोडावी लागते, मग नवी घ्यावी लागते. म्हणजे ओळींमधल्या त्याच जागेत एकाला एक काम आणि दुसऱ्याला दोन. जागा न ठरवता वाजवलं तर दुसऱ्या ओळीपासून ओबो केसभर उशिरा येऊ लागतो, बाकीचे थांबतात, आणि चाल लंगडते. आणखी वाईट म्हणजे ओबोवादक श्वास टाळून पुढे रेटतो आणि तिसऱ्या ओळीत त्याचा आवाज थरथरतो.

उपाय असा की ओबोवादक एका ओळीआड फक्त श्वास सोडतो आणि पुढच्या ओळीआड घेतो. दोन्ही एकाच जागी करत नाही. इतरांनी त्याच्या ओळीकडे बघून विराम मोजायचा नाही, चालीचीच मोजणी धरायची. कागदावर दोन वेगळ्या खुणा : सोडण्याची आणि घेण्याची.

नळी

आता पहिल्या प्रश्नाकडे. बसूनची पोकळी उलगडली तर अडीच मीटरहून थोडी जास्त. अर्धा स्वर खाली जायला नळी सुमारे सहा टक्के लांब व्हायला हवी, म्हणजे पंधरा सेंटिमीटर. हिशेबात हे पंधरा, पण कागदाची नळी बेलच्या, म्हणजे वाद्याच्या उघड्या तोंडाच्या, आत बसते म्हणून ती पोकळीपेक्षा अरुंद होते, आणि अरुंद तोंडाने स्वर आणखी खाली ओढला जातो. त्यामुळे आधी वीस सेंटिमीटर लांबीची नळी करायची, चार-पाच सेंटिमीटर आत सरकवायची आणि अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापत स्वर जुळवायचा. उलट सुरुवात केली तर नळी फेकून द्यावी लागते.

साहित्य : जाड ड्रॉइंग पेपर तीन वळसे, गोंद, बाहेरून काळा मॅट कागद, आत जाणाऱ्या टोकाला फेल्टची किंवा जुन्या मोज्याची पट्टी. पट्टी सैल असेल तर स्वर लागताच नळी गुणगुणते, घट्ट असेल तर आत जायला दोन हात लागतात. काही वादक इंग्लिश हॉर्नची बेलच बसूनच्या तोंडात अडकवतात, कारण ती मंचावर आहेच आणि प्रास्ताविकानंतर मोकळी असते. युक्ती झकास दिसते. पण तिची लांबी कापता येत नाही, जो स्वर येईल तो पत्करावा लागतो, आणि वाद्य वाकवलं की जड बेल खाली पडण्याची भीती. ए पर्यंत जाणारी खास बेलही बनवून मिळते, पण एका स्वरासाठी तो खर्च फारच थोडे करतात. कागद बरा.

नळी बसली की बी फ्लॅट जातो. ज्या बोटांनी बी फ्लॅट येतो त्याच बोटांनी आता ए येतो. म्हणून नळी लावण्याच्या जागेपासून शेवटापर्यंत बसूनच्या कागदावर खालचा बी फ्लॅट कुठे आहे का, हे आधी बघायचं.

लावायची कधी? मोह होतो तो नवव्या व्हेरिएशनमध्ये, कारण हॉर्न एकटा वाजत असतो आणि बसूनवादक मोकळा. हा मोह टाळावा. एकट्या हॉर्नच्या वेळी सभागृहाची नजर मंचावर भिरभिरत असते, आणि बसूनवादक वाद्य आडवं करून त्याच्या तोंडात काळी नळी घालू लागला की हशा पिकतो. तो हशा हॉर्नच्या वाट्याला येतो. योग्य जागा अकराव्या व्हेरिएशननंतरची. तिथे चाल मूळ धुनेकडे परतते, तीन मात्रांऐवजी चार मात्रांत, उत्सवी थाटात. आधीचं संपल्यावर सगळ्यांनी वाद्यं खाली घ्यायची, हॉर्नने पाणी काढायचं, ओबोने छाती रिकामी करायची, आणि त्या हालचालींत नळी बसवायची. पाचही जण काहीतरी करत असले की एकाकडे लक्ष जात नाही. नळी स्टँडच्या पाळीवर डाव्या हाताशी उभी ठेवलेली असावी. जमिनीवर ठेवली तर वाकावं लागतं, आणि पट्टा बुडाखालून सुटतो.

नळीचा ए ओठांनी फारसा वर-खाली होत नाही आणि उशिरा बोलतो. शेवटच्या कॉर्डचा ठोका बसूनने इतरांच्या किंचित आधी श्वासाने उचलायचा, आणि बाकी चौघांनी आपले स्वर त्याच्यावर बसवायचे, ट्यूनरवर नाही. त्या रात्री तो ए पाच सेंट उतरलेला असेल तर त्या रात्रीचा ए तोच. म्हणून मध्यंतरात, मंच तापलेला असताना, पडदा पाडून एकदा नळी लावून स्वर तपासतात.

टाळ्या सुरू झाल्या की बसूनवादकाने वाकण्याआधी नळी काढून घ्यावी. नमस्काराला वाद्य झुकतं आणि नळी पहिल्या रांगेत जाते, हे एकदा ठीक. जास्तीचा तुकडा म्हणून डान्झीचा एखादा भाग घेतला आणि नळी आतच राहिली, तर पहिल्याच खालच्या बी फ्लॅटच्या जागी ए येतो आणि चौघेजण एकमेकांकडे पाहू लागतात.